बिनसवलतीची फ्रेम

आमच्या बारामतीच्या पूल पार्लरमध्ये मला सगळे वहिनी म्हणतात. इंजिनिअरिंगची पोरं असोत, कंपनीतून शिफ्ट सुटून आलेले कामगार असोत, नाहीतर टक्कल पडलेला एखादा प्राध्यापक असो. वय बघायचं नाही, नातं बघायचं नाही, वहिनी. आमचे हे मालक, म्हणून मी वहिनी, एवढाच हिशेब. माझं माहेर लोणी भापकरचं, सासर कन्हेरीचं, दोन्हीकडं ऊस. पूल हा शब्दसुद्धा लग्नाआधी मला फक्त ओढ्यावरचा ठाऊक होता. ह्यांनी पार्लर काढलं तेव्हा गल्ल्यावर बसायला माणूस पाहिजे होता, आणि घरचा माणूस म्हणजे मी.

सकाळी तिथं चिटपाखरू नसायचं. पाच टेबलं, पाच दिवे, आणि मी. माशा मारत बसण्यापेक्षा एक दिवस स्टिक उचलली. पहिले काही महिने बॉल कमी आणि फरशी जास्त ठोकली. मग हळूहळू हात बसला. एवढा बसला, की संध्याकाळी एखाद्या पोराचा जोडीदार आला नाही तर तो म्हणायचा, "वहिनी, एक गेम टाकता का?" आणि मी टाकायचे, आणि बहुतेक वेळा जिंकायचे.

तिथं एक नियम मी स्वतः लावला होता. पूलमध्ये एकानं चूक केली, म्हणजे फाउल केला, की समोरच्याला पांढरा बॉल हातात मिळतो. त्यानं तो टेबलावर हवा तिथं ठेवायचा आणि खेळायचं. आमची पोरं काय करायची, तर फाउल झाला की पांढरा उचलून समोरच्याकडं फेकायची. दोन फरश्या फुटल्या, एकदा खिडकीची काच गेली. मग मी दम भरला: ज्यानं फाउल केला त्यानं पांढरा उचलायचा, समोरच्यापाशी चालत जायचं आणि उजव्या हातानं त्याच्या हातात द्यायचा, देवळात प्रसाद देतात तसा. फेकाफेकी केली तर बाहेर. पोरं आधी हसली, पण नंतर त्यांना त्याची सवयच लागली. बाहेरगावचा कुणी आला आणि त्यानं बॉल तसाच टेबलावर सोडला, तर आमची पोरं त्याला सुनवायची, "आमच्याकडं असं चालत न्हाय."

सगळं छान चाललं होतं, आणि एक दिवस माशी शिंकली. एका पोराबरोबर गेम चालला होता. शेवटचा काळा आठ नंबर, जो घातला की गेम जिंकला, तो खिशाच्या तोंडाशी, नुसती फुंकर मारली तरी पडेल असा. पोरगं चांगलं खेळणारं. त्यानं मारला आणि चुकला. मी जिंकले. तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या हाताचा नाद न्हाय करायचा." मी खुश. मग दोन मिनिटांनी गल्ल्यापाशी येऊन, मान वाकडी करून, "वहिनी, अजून अर्धा तास तेवढ्याच पैशात खेळू का?"

झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या दिवसापासून प्रत्येक जिंकलेल्या गेमवर मला संशय. हा खरंच हरला, का वहिनी म्हणून हरला? ह्याला सवलत पाहिजे का? ह्याच्या मित्रानं मागं माझी स्टिक मोडली होती, त्याची भरपाई तर नाही ना चाललेली? जिल्ह्याची बायकांची पूल स्पर्धा झाली, त्यात मी पहिली आले. पण आम्ही बायका होतो चार, त्यातल्या दोघी सख्ख्या जावा, आणि त्या दिवशी त्यांचं आपसात बोलणं बंद होतं. असल्या जिंकण्यात काय राम?

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "जिंकलीस न्हवं? मग झालं की. कशाला खाजवून खरूज काढतीस?"

पण मला खाजत होतं त्याला मी काय करू.

कळस गावच्या तात्यांची गाठ पडली ती अशाच दिवसांत. तात्या म्हणजे जनावरांचे डॉक्टर, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. त्यांची डाळिंबाची बाग तेल्या रोगानं गेली आणि बागेतलं पॅकिंगचं शेड रिकामं पडलं. त्या शेडमध्ये त्यांनी पुण्यातल्या एका बंद पडलेल्या क्लबातलं जुनं स्नूकरचं टेबल आणून टाकलं होतं. गावात कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून म्हातारा एकटाच खेळायचा. आमच्या पार्लरमध्ये स्टिकच्या टोकाला लावायचा खडू घ्यायला आले, मला खेळताना थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे पोरखेळ हाय. खरं खेळायचं असल तर कळसला ये."

गेले. टेबल बघून मी दारातच उभी राहिले. आमचं पूलचं टेबल म्हणजे परसातला भाजीचा वाफा, आणि हे म्हणजे नांगर धरला तर पलीकडच्या बांधापर्यंत दम लागावा असं रान. खिसे मात्र बारीक, बॉल आत जाऊ नये म्हणूनच केलेले. पंधरा लाल, सहा रंगीत. एक लाल घालायचा, मग एक रंगीत, तो रंगीत परत जागेवर ठेवतात, पुन्हा लाल. लाल संपले की रंगीत ओळीनं. प्रत्येक रंगाचे गुण वेगळे, आणि ज्याचे गुण जास्त त्याची फ्रेम. फ्रेम म्हणजे आपला एक डाव. मी पहिलाच बॉल पार्लरच्या सवयीनं दणकून मारला. तो उडून शेडच्या पत्र्याला लागला.

तात्या म्हणाले, "पोरी, गाईला सुई टोचायची तर आधी पाठीवर थोपटतात. दणका दिला की ती लाथ मारती. हितंबी तसंच हाय."

मग आठवड्यातून दोनदा, सकाळी, स्कूटीवरून कळस. उसाचा सीझन असला की पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, वर कर्कश गाणी, आणि ओव्हरटेक करायची सोय नाही. उशिरा पोचले की तात्या घड्याळ दाखवायचे. तात्यांनी मला कधीही एक बॉलसुद्धा सोडला नाही. मी रडकुंडीला आले तरी नाही. सुरुवातीला मी तिथंही फाउल केला की पांढरा उचलून त्यांच्या हातात द्यायला जायचे. स्नूकरमध्ये तसं नसतं. फाउल झाला की समोरच्याला गुण मिळतात, पांढरा मात्र जिथं थांबला तिथंच राहतो आणि समोरच्यानं तिथूनच खेळायचं. तात्या खडूनं माझ्या बोटांवर टक् करायचे. "प्रसाद नगं मला." दोन-तीन महिन्यांत ती सवय सुटली असं मला वाटलं.

त्यांच्याविरुद्ध मी एक फ्रेम जिंकले होते, नाही असं नाही. पण ती त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आठच दिवसांनी. ती मी धरत नाही.

बंगळुरात हौशी खेळाडूंची स्नूकरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे, बायकांचा गट वेगळा आहे आणि नाव कुणालाही देता येतं, हे तात्यांनीच सांगितलं. म्हणाले, "बाहेरदेशच्या बाया येत्यात. सगळ्या तुझ्यापेक्षा चांगल्या. जा आणि मार खाऊन ये."

मला मार खायला हरकत नव्हती. मला फक्त एक फ्रेम पाहिजे होती. एकच. समोर अशी बाई पाहिजे, की जिला मी कुणाची वहिनी आहे हे ठाऊक नाही, जिला माझ्याकडून अर्धा तास नको, चहा नको, काही नको. आणि ती हरली पाहिजे. मग मला कळलं असतं की मला खेळता येतं. नाहीतर मी गल्ल्यावरची बाई, पोरांनी कौतुकानं चढवून ठेवलेली. बेचाळिसाव्या वर्षी हे एकदाचं कळून घ्यावं असं मला फार वाटत होतं. रात्री उशीवर डोकं टेकलं की तेच, सकाळी भाकरी थापताना तेच.

हे आधी म्हणाले, "तू? तितं?" तिसऱ्या दिवशी स्वतःच मला शिंप्याकडं घेऊन गेले, कारण स्पर्धेत काळी पँट, जाकीट आणि गळ्याला बो लागतो. शिंप्यानं माप घेता घेता विचारलं, "बँडपथक काढलं का काय वहिनी?" ह्यांनी इतक्या गंभीरपणे "व्हय, सनई ही वाजवणार हाय" असं सांगितलं, की त्या बिचाऱ्याला खरंच वाटलं. जाकीट मात्र झक्क बेतलं त्यानं. मंगळसूत्र शर्टाच्या आत, वर बो, आणि आरशात मी. हसू आलं, पण वाईट नव्हते दिसत.

बंगळूरचा तो हॉल एवढा गार होता की माझी बोटं आखडली. हिरव्यागार टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलाला पांढरे हातमोजे घातलेला एक पंच, आणि आवाज म्हणाल तर फक्त बॉलचा. आमच्या पार्लरमध्ये गाणी, शिव्या आणि वडापावची ऑर्डर एकाच वेळी चालते. इथं शिंक आली तरी पाप केल्यासारखं वाटत होतं. गटात माझे तीन सामने होते. आधी तीन फ्रेम घेईल तिचा सामना. पहिला हरले, तीन-शून्य. दुसरा हरले, तीन-शून्य. दुसऱ्या सामन्यातली बाई माझ्याच वयाची, आयर्लंडची, फार गोड. प्रत्येक फ्रेमनंतर माझं काहीतरी कौतुक करायची. तिचं कौतुक ऐकून मला आमची पोरंच आठवत होती आणि डोकं तापत होतं.

तिसरा सामना एका थाई मुलीशी. बाविशीची असेल. कपाळावर एक बट, चेहऱ्यावर रेघ हलत नाही. तिचा प्रशिक्षक पहिल्या रांगेत बसलेला, त्याच्याकडंही ती बघत नव्हती. पहिल्या दोन फ्रेम तिनं अशा घेतल्या, की मी जास्त वेळ खुर्चीतच होते. मागं हे बसले होते. त्यांना स्कोअर कळत नव्हता, पण माझी पाठ कळत होती. तिसऱ्या फ्रेमला उठताना मनात म्हटलं, बाई, हीच शेवटची. इथं नाही तर कुठंच नाही.

आणि कसं कोण जाणे, हात चालायला लागला. मी घाई केली नाही. थोपटलं, मग सुई. एक लाल, काळा. एक लाल, निळा. ती यायची, ती पण घालायची, पण आज पहिल्यांदाच तिला मधेच थांबावं लागत होतं. लाल संपले. पिवळा, हिरवा, तपकिरी गेले. टेबलावर उरले निळा, गुलाबी आणि काळा. पाच, सहा आणि सात गुणांचे, मिळून अठरा. मी चौदानं पुढं. म्हणजे तिला तिन्ही पाहिजेत, मला एखादा मिळाला तरी पुरे.

पाळी माझी. निळा काळ्याच्या आड अर्धा झाकलेला. मी कडेनं निळ्याला चाटून जायचा प्रयत्न केला, आणि पांढरा निळ्याला न लागताच गेला. फाउल. पाच गुण तिला. माझी आघाडी नऊवर आली. पण देवाची कृपा एवढी, की पांढरा घरंगळत लांबच्या कडेला जाऊन चिकटला होता. तिथून निळा दिसत होता, पण तो घालणं महाकठीण. कडेला चिकटलेल्या बॉलला स्टिक नीट लागतच नाही. म्हणजे चूक होऊनही माझं फारसं बिघडलं नव्हतं.

आणि माझा हात गेला.

डोक्याला काही विचारलंच नाही हातानं. मी टेबलाच्या त्या टोकाला गेले, पांढरा उचलला, तिच्यापाशी चालत आले आणि उजव्या हातानं तिच्यासमोर धरला. घे. तिनं माझ्याकडं पाहिलं, बॉलकडं पाहिलं, आणि गोंधळून तो घेतला. आम्ही दोघी तिथं उभ्या, तिच्या तळहातावर पांढरा, आणि सगळा हॉल बघतोय. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. काय सांगू, धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बारा-तेरा वर्षं मीच पोरांना शिस्त लावली, आणि त्या शिस्तीनं मला बरोबर वेळ साधून धरलं.

पंच आला. त्यानं मला काहीतरी विचारलं. मला इंग्रजी समजतं, पण त्या वेळी मराठीही समजलं नसतं. मी नुसतं "सॉरी, पूल, पूल" म्हणत राहिले. त्याला बहुतेक कळलं, कारण त्याच्या मिशीत हसू आलं. त्यानं तिच्याकडून बॉल घेतला, पुसला, आणि आधी होता त्या जागी नेऊन ठेवला. म्हणजे त्याला वाटलं त्या जागी. कडेपासून दोन बोटं सुटा. तिथून निळा घालणं तिच्या हातचा मळ होता. बॉल उचलणारी मी, मी कुठल्या तोंडानं बोलणार?

पंचानं तिला विचारलं, इथंच होता ना? ती वाकली, एक डोळा मिटून बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग बोटानं दाखवलं. इथं नाही, तिथं. पार कडेला चिकटून. तिनं स्वतः तो बॉल अवघड जागी ठेवायला लावला.

कुणीही म्हणेल, किती गुणाची पोर. मला मात्र वाटलं, आली इथंही सवलत. वेंधळी बाई बघून हिला दया आली. आता ही चुकेल, मी जिंकेन, आणि घरी जाऊन मी पुन्हा तिथंच. इतका राग आला मला त्या मुलीचा, की मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले.

तिनं स्टिकचं शेपूट उंच धरलं, पांढऱ्याचा वरचा कपचा तेवढा दिसत होता, आणि त्याच्यावर टोच मारली. निळा सबंध टेबलाची लांबी सरळ गेला आणि खिशात पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दया कसली आणि काय कसलं, पोरीला स्वतःवर तेवढा भरवसा होता. मी चारनं पुढं. गुलाबी सहाचा. तो गेला की ती दोननं पुढं, आणि मग काळा घालून फ्रेमही तिची, सामनाही तिचा.

ती गुलाबीवर वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मारला. गुलाबी खिशाच्या एका ओठाला लागला, दुसऱ्याला लागला, आणि बाहेर येऊन टेबलाच्या मधोमध थांबला. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? मुद्दाम? माणसाला एकदा शंकेची चटक लागली की देव समोर आला तरी त्याचं आधार कार्ड बघावंसं वाटतं.

पण आता विचार करायची सोय नव्हती. गुलाबी घातला की मी दहानं पुढं आणि टेबलावर फक्त सातचा काळा. म्हणजे संपलं. पांढरा लांब होता. तात्या असते तर म्हणाले असते, पांढरा काळ्याआड लपव, घाई नगं. मीही आधी तसंच ठरवलं, वाकले, आणि वाकल्यावर मला तो रस्ता दिसला. गुलाबीपासून खिशापर्यंतचा. कधी कधी पाटात पाणी सोडायच्या आधीच कळतं, ते कुठवर जाणार. मी श्वास सोडला आणि मारला. जोरात नाही. गुलाबी इतका हळू निघाला, की मला वाटलं वाटेत बसकण मारतोय. खिशाच्या तोंडाशी अगदी थबकल्यासारखा झाला, आणि आत गेला.

मी सरळ झाले आणि पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. त्या मुलीनं स्टिकचा बुंधा जमिनीवर धाडकन आपटला. पंचानं तिला समज दिली. पहिल्या रांगेतला तिचा प्रशिक्षक कपाळाला हात लावून बसला होता. ती खुर्चीत बसली, पाण्याच्या बाटलीचं झाकण तिला उघडेना, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला स्पष्ट दिसलं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. आयुष्यात माझ्याकडं इतक्या रागानं कुणी पाहिलं नसेल, सासूबाईंचा अपवाद सोडला तर. आणि मला, खोटं कशाला बोलू, असं बरं वाटलं, असं आतून गार वाटलं, की तिथंच बसून रडावं. तिनं काही सोडलं नव्हतं. तिला ती फ्रेम हवी होती, आणि मी ती तिच्याकडून घेतली होती.

मागून हे खुणेनं विचारत होते, जिंकलीस का? मी मान डोलावली. तेही टाळ्या वाजवायला लागले. बाकीच्यांच्या टाळ्या संपून शांत झालं तरी ह्यांच्या चालूच, शेवटी शेजारच्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

चौथी फ्रेम तिनं घेतली. सामना तिनं घेतला, तीन-एक. पण कशी घेतली ते मी तिथं बसून बघत होते. पहिल्या दोन फ्रेममध्ये जी मुलगी टेबलाभोवती आपल्या अंगणात फिरल्यासारखी फिरत होती, ती आता प्रत्येक फटक्याआधी दोनदा उठून बघत होती. सोपे बॉलसुद्धा सोडत होती आणि पांढरा लपवत होती, मला काही मिळू नये म्हणून. प्रशिक्षकाकडंही बघायला लागली होती. कन्हेरीच्या सुनेला काही मिळू नये म्हणून एवढा बंदोबस्त. मी खुर्चीत ताठ बसून राहिले. फार बोलायचं नसतं तिथं, नाहीतर मी ह्यांना ओरडून सांगितलं असतं, अहो, बघा, ही मला भ्यायलीय.

शेवटचा काळा पडला. रीतीप्रमाणं आम्ही हात मिळवायला पुढं झालो. ती हसली नाही, मीही हसले नाही. त्या एवढ्या गार हॉलमध्ये तिचा तळवा घामानं ओलाचिंब होता. मी तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला.